मागच्या दाराने येणारा

१

दुपारी तीन ते चार हा तास माझा असायचा. सकाळी सहापासून मी थर्लवेलांच्या घराची असे; घड्याळांची, चाव्यांची, कामवाल्या मुलींच्या भांडणांची. पण तीन वाजले की स्वयंपाकीण डोर्कस वर जाऊन आडवी व्हायची, मुली धुण्याच्या खोलीत पळायच्या, आणि स्वयंपाकघर रिकामं झालं की मी फरशी एकदा पुसायची, किटली चुलीच्या कडेला सरकवायची आणि कुणाशी न बोलता एक कप चहा प्यायची. एकोणीस वर्षं हा नेम चालला होता.

त्या डिसेंबरात जनरलसाहेबांना घरी आणलं.

स्पेनमधल्या एका किल्ल्याला वेढा घातलेला असताना, सप्टेंबरात, त्यांना गोळी लागली. ऑक्टोबरात पत्र आलं आणि डिसेंबरात पेटी आली. आत शिशाची, बाहेर ओकची. जहाजातून न्यूकॅसलला, तिथून सहा घोड्यांच्या गाडीतून आमच्या दारात. जेवणाच्या दालनातलं मोठं टेबल हलवून तिथं ती ठेवली, आरशांवर काळं कापड टाकलं. दफन सोमवारी होतं. निम्म्या नॉर्थंबरलंडचे बडे लोक येणार होते, छावणीतून दोन तोफा येणार होत्या.

पेटीवर साहेबांची तलवार, टोपी आणि हातमोजे मी माझ्या हातांनी मांडले. फार पूर्वी हिंदुस्तानातल्या एका लढाईत साहेबांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. मोज्याच्या त्या दोन बोटांत मी कापूस भरत असे. या वेळीही भरला. सवय.

पेटीबरोबर त्यांच्या दिमतीचा शिपाई आला होता, ओबेड टली नावाचा. पन्नाशीचा, वाळक्या चेहऱ्याचा माणूस. दिवसभर दालनात पेटीजवळ खुर्ची टाकून बसायचा. पण पेटीकडे पाठ करून. मला वाटलं, दुःखामुळे असेल.

बुधवारी मी फरशी पुसली, कोठीत जाऊन साखर काढली आणि परत आले, तर मागच्या दारापासून चुलीजवळच्या बाकापर्यंत पावलं उमटली होती. ओली. येतानाची होती, जातानाची नव्हती.

मी आधी चिडले. माळी असेल, नाहीतर टली. दालनात जाऊन पाहिलं, टली जागेवरच होता आणि त्याचे बूट कोरडे ठणठणीत. माळी गावात गेला होता. मी परत येऊन फरशी पुसली. दारातल्या गवताच्या पायपुसण्याकडे लक्ष गेलं तेव्हा हात थांबला.

पायपुसण्यावर कुणीतरी चिखल नीट पुसला होता. दोन्ही पाय, टाचांसकट. चिखल लाल होता.

आमच्याकडची माती काळी आहे.

२

गुरुवारी मी मुद्दाम कोठीतच थांबले. दार अर्धं लोटून मिठाच्या बरण्या भरत बसले. एवढ्यातेवढ्याने बिथरणारी बाई मी नाही. त्या घरात मी दोन मृत्यू आणि एक आग पाहिली होती.

मागच्या दाराचा खटका उचलला गेला. पडला. पुन्हा उचलला गेला. आमचं ते दार असंच आहे, पहिल्यांदा उघडत नाही. घरातले लोक सरळ कंबरेने धक्का देतात. दोनदा खटका उचलतो तो परका.

"कोण आहे?" मी विचारलं.

मग गवतावर पाय घासल्याचा आवाज आला. एक, दोन. थोडं थांबून पुन्हा एक, दोन. नव्या घरी कामाला आलेली मुलगी जशी भीतभीत पाय पुसते, तसा. मग फरशीवर पावलं. मग बाक करकरला.

मी बाहेर आले तेव्हा कुणी नव्हतं. दार आतून लागलेलं. बाकावर पाण्याचा डाग होता आणि पाणी हळूहळू कडेवरून खाली ठिबकत होतं. मी हात लावला. लाकूड इतकं गार होतं की बोटं मागे घ्यावी लागली, आणि चूल तर दोन हातांवर पेटलेली. ओल्या लोकरीचा वास येत होता.

मी स्वतःला समजावलं: छत गळतंय, लाकूड आवळतंय, मर्सी डॉडचं वय होतंय. पण मनात एकच गोष्ट होती. सहा दिवस जो घरात पाहुणा म्हणून पडून आहे, तोच तो. दुसरा कोण?

तरी काहीतरी जुळत नव्हतं. रात्री अंथरुणात ते माझ्या ध्यानात आलं आणि त्याने धीर येण्याऐवजी अंगावर काटाच आला. एकोणीस वर्षांत साहेबांनी स्वयंपाकघराचं दार कधी वापरलं नव्हतं. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात कधी पाय पुसले नव्हते.

३

शुक्रवारी एप्पी ऑर्ड मासळी घेऊन आली. समुद्रावरच्या वस्तीत राहणारी विधवा, माझ्याच वयाची. दर शुक्रवारी चार मैल चालत यायची आणि तोंडाचा पट्टा चार मैल पुरून उरायचा.

"हॅडक आणलाय," टोपली ठेवत ती म्हणाली. "इतका ताजा, की अजून माझ्याकडे रागाने बघतोय. तुझं तोंड का असं उतरलंय गं? मासळीपेक्षा तूच शिळी दिसतेस."

"झोप नाही," मी म्हणाले.

ती जाऊन बाकावर बसली. मी 'तिथं नको' म्हणणार, तेवढ्यात तिने तळवा लाकडावर टेकवला आणि हसली.

"आत्ताच कोण उठून गेलं इथून?"

"कुणी नाही. का?"

"ऊब आहे अजून. कुणी तासभर बसलं असावं अशी."

मी पुढे होऊन तिच्या शेजारी हात ठेवला. बर्फ. तिच्या हाताखाली ऊब आणि माझ्या हाताखाली बर्फ, मध्ये वीतभर अंतर.

एप्पीने शाल सावरली आणि आवाज खाली आणला. "मर्सी, एक विचारू? तो साहेबांबरोबर आलेला माणूस आहे ना, त्याला माझ्या गिडियनचं काही ठाऊक असेल का? साहेबांच्याच पलटणीत आहे तो. मार्चपासून पत्र नाही. त्याला लिहिता येत नाही म्हणा, पण कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. वीस महिने झाले जाऊन."

मी टलीला बोलावून आणलं. तो दारातच उभा राहिला.

"गिडियन ऑर्ड," एप्पी म्हणाली. "उंच. उजव्या कानाची पाळी फाटलेली, लहानपणी गळ अडकला होता."

टलीच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला. एप्पीने पाहिला नसावा. किंवा पाहिला असेल आणि मानला नसेल.

"पलटणीत बरेच ऑर्ड होते, बाई," तो म्हणाला. "सगळ्यांची नावं कुठे लक्षात राहतात." आणि वळून गेला.

"बरेच ऑर्ड," एप्पी टोपली उचलत म्हणाली. "आमच्या वस्तीत तेवढे तीन आहेत, त्यातले दोन म्हातारे."

४

शनिवारी मी ठरवलं की बघायचं. पण समोरून बघायचं धाडस नव्हतं, हे कबूल करते.

तीन वाजता मी मागच्या दाराकडे पाठ करून टेबलाशी बसले आणि चमचे घासायला घेतले. समोर भिंतीवर मोठ्या पातेल्याचं तांब्याचं झाकण टांगलेलं होतं. मीच सकाळी ते चिंचोक्याएवढा डाग न ठेवता घासलं होतं. त्यात माझ्या मागची सगळी खोली दिसत होती, वाकडी, तांबूस, लहानशी. दार, चूल, बाक.

बाहेर उजेड विटत चालला होता. डिसेंबरात आमच्याकडे साडेतीनलाच संध्याकाळ होते.

खटका उचलला गेला. पडला. पुन्हा उचलला गेला.

झाकणातलं दार बंदच दिसत होतं. पण गार हवा माझ्या मानेवर आली. गवतावर पाय घासले गेले. मी चमचा घासत राहिले. थांबले असते तर ओरडले असते. पावलं माझ्या मागून गेली, इतक्या जवळून की ओल्या लोकरीचा वास नाकात भरला. बाक करकरला.

झाकणात बाकावर राखी काहीतरी होतं. झगा. साहेबांचा लष्करी झगा. त्याची गळपट्टी मीच शिवली होती. त्याच्या वर वाकलेली मान, बारीक कापलेले केस. चेहरा चुलीकडे होता.

मग झग्यातून एक हात बाहेर आला, डावा, आणि शेकायला म्हणून विस्तवाकडे गेला. बोटं पसरली.

मी मोजली. तांब्यात सगळं वाकडं दिसतं, म्हणून पुन्हा मोजली.

पाच होती.

हातातला चमचा पडला. मी वळले तेव्हा बाक रिकामा होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं. पण खरं सांगते, माझी भीती त्या क्षणी निम्मी झाली होती. तो कुणी साहेब नव्हता. गारठलेला एक पोरगा होता, आणि बसायला जागा मागायचीही त्याला लाज वाटत होती.

५

मी तडक दालनात गेले आणि टलीसमोर उभी राहिले.

"या पेटीत कोण आहे?"

"काय बोलता डॉडबाई! जनरलसाहेब."

"मग पाठ का करून बसता त्यांच्याकडे?"

मग त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि तसाच बोलायला लागला.

"हल्ल्याच्या आदल्या रात्रीपासून पाऊस होता. चरात गुडघाभर पाणी. ऑर्ड पहाऱ्यावर होता, त्याला पोटात गोळी लागली. मरायला दोन तास लागले त्याला. नुसता कुडकुडत होता. साहेब पाहणीला आले. त्यांनी काही न बोलता अंगावरचा झगा काढला आणि त्याच्यावर घातला. वर म्हणाले, 'सकाळी परत दे.' पोरगं हसलं. मी होतो तिथं. मग सकाळी तटाला खिंडार पडलं, साहेब पुढे चढले आणि गळ्यात गोळी लागून पडले. संध्याकाळी सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं. साहेब, ऑर्ड आणि आणखी दहा जण. कोट काढून घेतले होते, जिवंतांना घालायला नव्हते. झगा तेवढा कुणी काढला नाही, रक्ताने चिकटला होता."

"आणि मग?"

"तीन आठवड्यांनी हुकूम आला, जनरलला मायदेशी पाठवा. उकरलं. डॉडबाई, तीन आठवडे, तो पाऊस, ती लाल माती. कुणी नीट बघायला तयार नव्हतं. कर्नल नाकाला रुमाल लावून लांब उभा. म्हणाला, 'तो झगा दिसतोय, तेच साहेब, उचला.' आणि मी..." त्याचा आवाज फाटला. "मी तोंड उघडलं नाही. कर्नलला खोटं पाडायचं, तेही हुकूम सुटल्यावर! जहाजावर रोज वाटायचं सांगावं. रोज तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसलेला असायचा. पाय पुसून यायचा, बाई. जहाजावर!"

६

मी बाईसाहेबांना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, सांगायला निघाले. अगाथा थर्लवेल या कठोर बाई म्हणून ओळखल्या जात. उद्या या घरातून माझं बोचकं बाहेर पडेल आणि टलीची पाठ फोडली जाईल, असं धरूनच मी गेले. त्या खिडकीशी सोमवारच्या पाहुण्यांची यादी बघत होत्या. मी सगळं सांगितलं. पावलं, झाकण, हात.

त्यांनी फक्त एक विचारलं. "कोणता हात?"

"डावा, बाईसाहेब."

त्यांनी यादी खाली ठेवली.

रविवारी प्रार्थनेनंतर शिशाचं काम करणारा रेडपाथ आला. बाईसाहेब, टली आणि तो असे तिघंच दालनात गेले. मी बाहेर दाराला हात टेकून उभी. शिसं कापल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग बाईसाहेब बाहेर आल्या. चेहरा पांढरा, पण पाय स्थिर.

"रोलंड नाहीत," त्या म्हणाल्या. मग, जणू आत्ताच ऐकलं असावं तशा: "त्यांनी झगा दिला त्याला? स्वतः?"

"टली म्हणतो तसं."

"मला तीस वर्षांत कधी शाल आणून दिली नाही त्या माणसाने." आणि त्या भिंतीला टेकून रडल्या. नवरा गेल्याचं पत्र आलं तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

टली मागून आला आणि ताठ उभा राहिला. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या, बाईसाहेब."

"फटके द्यायला हवेत तुला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आधी जेवून घे. किती दिवसांत जेवला नाहीस? मर्सी, त्या बाईला बोलवायला गाडी पाठव. तिला चालत आणू नका."

एप्पी आली ती गप्प होती. एप्पी गप्प! मीच तिला सांगितलं, स्वयंपाकघरात, तिचे दोन्ही हात धरून. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"बघू नकोस, एप्पी," मी म्हणाले. "बघण्यासारखं काही राहिलेलं नाही."

"माझं आहे ते," ती म्हणाली. "मी बघते."

ती एकटी आत गेली. दार लावून घेतलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, हळू, रागावल्यासारखा, उशिरा घरी आलेल्या पोराशी आई बोलते तसा. मधेच ती थांबायची. जेवढा वेळ समोरच्याला उत्तर द्यायला लागेल, तेवढीच थांबायची. टलीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "तोच." कशावरून, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

७

सोमवारी आभाळ स्वच्छ होतं, जमीन गोठलेल्या दवाने पांढरी. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे बडे लोक जमले होते आणि त्यांच्या पुढे सर लँबर्ट ब्लेनकिन्सॉप, छातीवर काळी फीत, हातात भाषणाचे कागद. पेटी गाडीतून उतरली. तिच्यावर आज तलवार नव्हती, टोपी नव्हती, मोजे नव्हते. मागोमाग बाईसाहेब आल्या आणि त्यांच्या हातात हात घालून, डोर्कसचा काळा झगा घातलेली, एप्पी ऑर्ड.

बाईसाहेब पायऱ्यांवर थांबल्या.

"या पेटीत माझा नवरा नाही," त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मागच्या लोकांना पुढच्यांना विचारावं लागलं. "चूक झाली. माझा नवरा जिथं पडला तिथंच आहे, आपल्या दहा माणसांबरोबर, आणि मी त्याला पुन्हा उकरू देणार नाही. हा गिडियन ऑर्ड, या बाईंचा मुलगा. मरताना याच्या अंगावर माझ्या नवऱ्याचा झगा होता. त्याने दिलेला. आज याला पुरायचं आहे."

कुजबुज झाली. सर लँबर्ट पुढे आले. "पण बाईसाहेब, हे... म्हणजे भाषण... आणि तोफा! तोफा जनरलच्या इतमामाच्या आहेत. साध्या शिपायाला तोफा?"

"सर लँबर्ट, तोफा आणल्यात ना तुम्ही?"

"आणल्यात, पण..."

"मग डागा. परत ओढत नेऊन घोडे कशाला दमवता?"

कुणीतरी मागे हसलं आणि खोकला आल्याचं सोंग केलं. सर लँबर्टनी कागदांकडे पाहिलं, एप्पीकडे पाहिलं. मग एक गोष्ट केली, ज्यासाठी मी त्यांना आयुष्यभर मान देईन: कागद खिशात घातले, टोपी काढली आणि बाजूला झाले. त्यांच्यामागे सगळ्यांनी टोप्या काढल्या.

खड्ड्याशी टली वाकून पेटीला काहीतरी म्हणाला. तोफा डागल्या तेव्हा समुद्रावरचे सगळे पक्षी एकदम उठले आणि एप्पीने मान वर करून ते परत खाली बसेपर्यंत पाहिलं.

८

स्वयंपाकघरातला बाक नंतर कधी ओला झाला नाही. मी पुढे चौदा वर्षं तिथं होते, म्हणून सांगते. त्यातलं मला किती कळलं, असं विचाराल तर फार नाही, आणि कळावं असं वाटतही नाही.

पण मला जास्त आठवतो तो त्या सोमवारचाच प्रसंग. पाहुणे गेले होते. बाईसाहेब वर जाऊन पडतील असं वाटलं होतं, पण त्या थेट स्वयंपाकघरात आल्या आणि एप्पीसमोर टेबलाशी बसल्या. टली कोपऱ्यात तिसऱ्यांदा जेवत होता.

"लहानपणी कसा होता तुमचा गिडियन?" बाईसाहेबांनी विचारलं.

एप्पीने नाक पुसलं. "भित्रा! समुद्राला भ्यायचा नाही, वादळाला भ्यायचा नाही. बदकांना भ्यायचा. सात वर्षांचा घोडा, पण बदक दिसलं की माझ्या झग्यात तोंड."

बाईसाहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. "रोलंड गाईंना भ्यायचे."

"कोण? जनरलसाहेब?" टलीचा घास हातातच राहिला.

"कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं मला. मधल्या कुरणात गाई असल्या की तीन मैलांचा वळसा घालून चर्चला जायचे. आणि म्हणायचे, 'अगाथा, आज हवा फार छान आहे.' पावसात!"

"थांबा थांबा," एप्पी म्हणाली, "मधलं कुरण म्हणजे डनकनच्या गाई? अहो त्या आंधळ्या होत्या दोघी!"

आधी टलीला फुटलं. मग बाईसाहेब, आणि मग एप्पी, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, टेबलावर मूठ आपटत. डोर्कस कोठीतून धावत आली आणि कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"लाज वाटत नाही? दुःखाचं घर आहे ना हे?"

"आहे गं, डोर्कस," बाईसाहेब डोळे पुसत म्हणाल्या. "बस खाली. तुला त्यांच्या गाईंचं ठाऊक आहे का?"